पटाची जोडी घेताना: ऐकीव गोष्टी आणि खऱ्या गोष्टी

धानाची मळणी उरकली की ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावलीपासून पलीकडे आरमोरी, वडसा, कुरखेड्यापर्यंत भिंतीभिंतीवर पोस्टर लागतात: दिवसा जंगी इनामी शंकरपट, रात्री नाटक. मधली सात-साडेसात वर्षं या पोस्टरचा वरचा अर्धा भाग गायब होता. या सगळ्या झाडीपट्टीत नाटकं रंगत राहिली, पट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, मात्र बंद. त्या काळात कित्येक घरांनी जोड्या मोडल्या, चिखलणीला ट्रॅक्टर आला आणि बैल शिकवणारी जाणती माणसं थकली. आता तीच घरं पुन्हा जोडी घ्यायला निघाली आहेत. आजोबांना सगळं येतं, पण हात चालत नाहीत. नातवाला हौस आहे, पण बैलाच्या अंगाला हात लावायची सवय नाही. ही मधली जागा ऐकीव गोष्टींनी भरून काढली आहे. त्यातल्या काही खिशाला भारी पडतात, काही बैलाच्या अंगावर उठतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी समजूत कायद्याची आहे: बंदी उठली, आता कुठंही, कसाही पट भरवा. तसं नाही. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेत बैलाचा समावेश प्रदर्शन आणि त्यासाठीच्या प्रशिक्षणाला मनाई असलेल्या प्राण्यांत केला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडी शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली, पण त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली.

म्हणजे पट आज चालतो तो या दुरुस्तीच्या आणि तिच्याखालच्या नियमांच्या आधारावर. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते. धावण्याचं अंतर १००० मीटरच्या पुढे नेता येत नाही. बैल धावायला योग्य आहे असं पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र लागतं. चाबूक, काठी, आर, विजेचा झटका, शेपूट पिरगाळणं, नशा येणारं काही पाजणं, सगळ्याला मनाई. मोडणाऱ्याला ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही जबाबदारी एकट्या आयोजकांची आहे असं समजून जोडीवाले निर्धास्त राहतात, तेही चूक. बैलाला इजा करणारा हात ज्याचा, गुन्हा त्याचा. म्हणून पोस्टर पाहून जोडी गाडीत चढवण्याआधी आयोजकांकडे परवानगीचा कागद मागावा. तो मागण्यात संकोच कसला?

आता खरेदी. "पळायचं असेल तर खिल्लारच हवा" हे वाक्य सध्या बाजारात पैसा ओढतं. खिल्लार चपळ आहे, तापट आहे, पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या माळावर वाढलेला आहे. त्याच्या वेगाबद्दल शंका नाही. पण विदर्भाची स्वतःची गवळाऊ जात हलक्या अंगाची, लांब टांगेची आणि झपझप चालीची म्हणूनच ओळखली जाते. वर्धा-नागपूरपासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचा तिचा मुलूख. आणि आपल्या गोठ्यातल्या ज्या बुटक्या, काटक जनावराला आपण गावठी म्हणून खाली बसवतो, त्याला आता स्वतःची ओळख मिळाली आहे. गडचिरोलीजवळून वाहणाऱ्या कठाणी नदीच्या नावाची ही कठाणी जात कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशी गोवंशाची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली आहे. धानाच्या चिखलात काम करणारं, कमी चाऱ्यावर तग धरणारं हे जनावर. कठाणी प्रत्येक पटात पहिली येईल असं मी म्हणणार नाही. घरात पहिल्यांदाच जोडी येत असेल आणि तीच बांधावर, बंडीला आणि पटातही लागणार असेल, तर दूरच्या महागड्या बैलापेक्षा आपल्या हवेत, आपल्या तणसावर वाढलेला बैल घ्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

भाव म्हणजे वेग, ही त्याच समजुतीची बहीण. बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरतो तेव्हा किंमत ठरवतो तो मागच्या हंगामातला विजय आणि त्याचा व्हिडिओ. पण तो विजय एका बैलाचा नव्हता. सोबतचा बैल, जोडी हाकणारा धुरकरी आणि त्या दिवशीची माती यांचाही त्यात वाटा होता. जोडीतून फोडून आणलेला नावाजलेला बैल नव्या सोबत्याबरोबर कित्येकदा सरळसुद्धा धावत नाही. आणखी एक बाब घेणारे हमखास विसरतात: बैलाला खांदा असतो. एकाच बाजूला जुंपायची सवय झालेला बैल दुसऱ्या बाजूला बांधला की बिचकतो, जू ओढतो, सोबत्याला ढकलतो. घरी उजव्या खांद्याचा बैल असेल आणि तुम्ही उजव्याच खांद्याचा दुसरा आणलात, तर पहिला हंगाम सवय मोडण्यातच जातो. म्हणून बैल उभा असताना पाहून सौदा करू नये. जुंपून पाहावा, दोन्ही बाजूंनी पाहावा, चालवून, वळवून, थांबवून पाहावा. थांबतो कसा, हे धावतो कसा यापेक्षा आधी पाहावं.

वयाचं तोंडी सांगणं कधीच प्रमाण धरू नये. खालचा ओठ अंगठ्याने दाबून खाली करा. बैलाला पुढचे वरचे दात नसतातच. खाली आठ असतात. सगळे बारीक, दुधाचे असतील तर जनावर साधारण दोन वर्षांच्या आतलं. मधले दोन रुंद आले की दोन दाती, दोन ते अडीच वर्षांचा. चार दाती तीनच्या आसपास, सहा दाती साडेतीन-चारचा आणि आठही जुळले की साडेचार-पाचचा. घरी शिकवायचा असेल तर दोन ते चार दाती बैल बरा: हाडं बऱ्यापैकी भरलेली, पण सवयी पक्क्या न झालेल्या. दुधाच्या दातांच्या गोऱ्ह्याला पटात पळवणं म्हणजे त्याचे सांधे कायमचे बिघडवणं. हे सर्रास होतं आणि ते थांबलं पाहिजे.

"कागद काय, बैल आपलाच" या समजुतीने चेकपोस्टवर रात्र काढावी लागते. १ जून २०२४ पासून राज्यात कानात बारा अंकी टॅग नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. राज्यात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीला आणि त्यासाठीच्या वाहतुकीलाही बंदी असल्याने रात्री बैल घेऊन जाणाऱ्या गाडीकडे संशयाने पाहिलं जातंच. पावती, टॅगचा नंबर, पशुवैद्यकाचा दाखला या तीन गोष्टी गाडीत हव्यात. पशू वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांनुसार सोबत माणूस, पाणी आणि चारा हवा, आणि एका मालवाहू वाहनात सहापेक्षा जास्त जनावरं नकोत.

घरी आणल्यावर लगेच जुन्या बैलाशेजारी बांधायचं, ओवाळायचं, संध्याकाळी गावातून फिरवायचं, ही हौस समजण्यासारखी आहे. तरी चार आठवडे दम धरा. लम्पीचा विषाणू अंगात असूनही जनावर २८ दिवसांपर्यंत ठणठणीत दिसू शकतं. २०२० मध्ये सिरोंचा भागात हा आजार आढळला होता, आणि २०२२ मध्ये राज्यभर पसरला तेव्हा गुरांचे बाजार आणि शर्यती दोन्ही बंद कराव्या लागल्या. नवा बैल वेगळा बांधा, त्याची बादली वेगळी ठेवा, गोचीड काढा. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि लम्पीच्या लसी झाल्या आहेत का ते टॅगच्या नोंदीवरून पाहून घ्या. हे दिवस वाया जात नाहीत. याच काळात बैल तुमचा आवाज, वास आणि हात ओळखायला लागतो.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. "मार खाल्ल्याशिवाय बैल पळत नाही." पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलेलं हे वाक्य बैलाच्या शरीराशी जुळत नाही. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं, ३०० अंशांहून जास्त दिसतं. दिसत नाही ते मुख्यतः थेट शेपटीमागचं. मार नेमका तिथूनच येतो. न दिसणाऱ्या ठिकाणाहून दुखापत झाली की जनावर पुढे उसळतं, आणि त्या उसळीला आपण वेग समजतो. पण घाबरलेला बैल सरळ जात नाही. तो बाजूला फेकला जातो, सोबत्यावर रेलतो, धावपट्टी सोडून माणसांत घुसतो. पटात लोक जखमी होतात ते बहुधा अशा बैलांमुळे. शिवाय अंतराचा अंदाज बैलाला नीट येत नाही. सावली, डबकं, आडवी पडलेली दोरी पाहून तो अडतो. त्याला हट्टी ठरवून मारलं की पुढच्या वेळी सावलीबरोबर माराचीही भीती जोडली जाते.

जाणते धुरकरी वेगळं करतात. आधी नुसतं हातावर खेळवणं: पाठ, पोट, पाय, खूर, कान, सगळीकडे हात फिरवणं. मग कासऱ्याने चालवणं, थांबवणं, वळवणं, एकाच शब्दाने आणि एकाच सुरात. मग सोबत्याबरोबर रिकामं जू. मग हलका ओंडका, मग रिकामी बंडी, आणि शेवटी पटातला छकडा. नव्याच्या जोडीला शिकलेला, शांत बैल असला तर निम्मं काम तोच करतो. बैल कळपातलं जनावर आहे, शेजारचा न बिचकता चालला की तोही चालतो. धावायची वेळ फार उशिरा येते आणि तीही थोड्या अंतराची. पटाच्या आदल्या दिवशी जोडीला धावपट्टीवरून सावकाश चालवून आणणं, तिथला मंडप, झेंडे, भोंगा दाखवणं याने जेवढा फरक पडतो तेवढा काठीने पडत नाही. दम किती लागला हे पाहायचं असेल तर थांबल्यावर बैलाच्या कुशीकडे पाहा आणि घड्याळ लावून श्वास मोजा. आरामात उभ्या बैलाचा श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० असतो. बऱ्याच वेळाच्या विश्रांतीनंतरही तो खाली येत नसेल तर त्या दिवशीचा सराव संपला.

पुण्याकडच्या बैलगाड्यांचे व्हिडिओ पाहून झाडीपट्टीची जोडी शिकवू नये, हेही इथंच सांगितलं पाहिजे. तिकडच्या घाटात चार बैल विनाचालक चढावर धावतात आणि पुढे घोडी असते. आपल्याकडे छकड्यावर धुरकरी असतो आणि दोनच बैलांना त्याच्या हातात राहून सपाटीवर सरळ जायचं असतं. दोन्हींची शिकवण वेगळी.

खुराकाबद्दल थोडक्यात, कारण त्यावरचे किस्से फार आणि आधार थोडा. अंडी, तूप, बाटलीभर दारू यांनी वेग वाढत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात चारा आंबवणारे सूक्ष्मजीव राहतात. एकदम भरपूर धान्य किंवा पीठ घातलं की तिथं आम्ल वाढून बैल बसतो, कधी दगावतो. दारूने तोल जातो, आणि ती पाजणं गुन्हाही आहे. आपल्याकडची खरी उणीव दुसरी: नुसतं तणस. धानाच्या तणसात प्रथिनं अगदी कमी आणि ऑक्झलेट जास्त असतं, जे कॅल्शियम अंगी लागू देत नाही. तणसाबरोबर हिरवा चारा, थोडं कुटार, जवसाची किंवा सरकीची ढेप, रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि भरपूर पाणी, एवढं नेमाने दिलं तरी बैल पालटतो.

"पटाची जोडी शेतीला लावली की वेग जातो" असंही म्हणतात. बेताचं काम बैलाला घट्ट आणि शांत ठेवतं. नुकसान होतं ते रोवणीच्या हंगामात दिवसदिवस चिखलात राबवल्यावर विश्रांती न देता सरावाला काढल्याने. चिखलाने खूर मऊ पडतात. त्यांना कोरड्या जमिनीवर कडक व्हायला वेळ हवा. जुवाखालचा खांदाही पाहावा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण हळद-तूप लावून खांदे शेकतो. ती काळजी एका दिवसापुरती ठेवू नये. खांद्यावर सूज असताना जुंपलेला बैल पुढे आयुष्यभर जुवाला बिचकतो.

बक्षिसातून जोडीचा खर्च निघेल, ही आशा मात्र आधीच सोडलेली बरी. मोजक्या जोड्या जिंकतात. वर्षभराचा चारा, औषध, वाहतूक आणि माणसाची मेहनत सगळ्यांनाच लागते. घराला परवडेल तेवढ्याच भावात जोडी घ्यावी आणि ती हरली तरी गोठ्यात राहील अशा तयारीने घ्यावी.

या हंगामात जोडी घ्यायची असेल तर दलालाला फोन करण्याआधी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि सौद्याच्या दिवशी डॉक्टरांना सोबत येण्याची विनंती करा. दवाखाना लांब असेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.