पंचगंगेच्या पुराची पूर्वसूचना आणि आपलीं दप्तरें

करवीर प्रांतांतील जुन्या घराण्यांचे, मठांचे व देवस्थानांचे कागद पुष्कळ ठिकाणीं नदीकाठच्या वाड्यांतून आहेत. शिरोळ, कुरुंदवाड, नरसोबाची वाडी, खिद्रापूर हीं गांवें संशोधकांस जितकीं परिचित, तितकींच तीं पुरासहि परिचित आहेत. १९८९, २००५, २०१९ आणि २०२१ ह्या वर्षीं ह्या प्रांतांत मोठे पूर आले. पैकीं शेवटचे दोन अवघ्या दोन वर्षांच्या अंतरानें. कागदाचे वैरी म्हणून आपण वाळवी व कसर ह्यांचीच चिंता वाहतों. परंतु वाळवीस एक दप्तर खाण्यास वर्षें लागतात, पाण्यास एक रात्र पुरते. पंचगंगेचें पाणी सहसा न सांगतां येत नाहीं, हा त्यांतला दिलासा. तें कोणत्या मार्गानें सांगतें, तें सांगणें कसें वाचावें, आणि कोठें फसण्याचा संभव आहे, एवढेंच येथें मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम नदीचें स्वरूप पाहूं. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती ह्या चार दृश्य नद्या आणि सरस्वती ही गुप्त, अशा पांचांची मिळून पंचगंगा होते असें परंपरा मानते. प्रयाग चिखलीजवळच्या संगमापासून नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळेपर्यंत तिचा प्रवाह सुमारें ८० किलोमीटर आहे. पाऊस पडतो तो सह्याद्रीच्या माथ्यावर. गगनबावड्यास वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरच्या घरांत पर्जन्य होतो; शिरोळ तालुक्यांत त्याचा लहानसा अंशहि पडत नाहीं. तथापि पुराचें पाणी सर्वांत अधिक दिवस साचून राहतें तें शिरोळासच. म्हणजे ज्याच्या अंगणांत ऊन पडलें आहे, त्यानेंच घर सोडावें असा प्रसंग येथें येतो. आकाशाकडे पाहून पुराचा अदमास करणारा मनुष्य शिरोळांत हटकून फसतो. त्याला वरच्या अंगाची बातमी पाहिजे, आणि ती बातमी खालीं पोंचविणें हेंच पूर्वसूचनेचें खरें काम होय.

ह्या कामाचें मुख्य माप कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर आहे. तेथें पाणी ३९ फुटांवर आलें म्हणजे इशाऱ्याची पातळी आणि ४३ फुटांवर आलें म्हणजे धोक्याची पातळी समजली जाते. धान्य किलोनें व रस्ता किलोमीटरनें मोजणारा कोल्हापूरकर पूर मात्र अद्याप फूट आणि इंचांतच मोजतो. मोडी कागदांतील जुनीं मापें उलगडीत बसणाऱ्या आम्हां मंडळींस ह्याचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. ह्याच्या जोडीला आणखी एक माप आहे. 'कोल्हापूर पद्धतीचे' म्हणून सर्वत्र प्रसिद्ध असलेले बंधारे ह्या नद्यांवर ठिकठिकाणीं आहेत. दगडी खांबांच्या खाचांतून बरगे घालून हिंवाळ्यांत पाणी अडवावयाचें आणि पावसाळ्यापूर्वीं ते काढून घ्यावयाचे, अशी त्यांची रचना. पाणी चढूं लागलें कीं एकामागून एक बंधारे बुडतात, आणि आज किती बंधारे पाण्याखालीं गेले ही संख्या रोज प्रसिद्ध होते. राजाराम बंधाऱ्याचा आंकडा एका जागेचा असतो. बुडालेल्या बंधाऱ्यांची यादी साऱ्या खोऱ्याची हकीकत सांगते. म्हणून जाणत्यानें दोन्ही पाहावीं.

तिसरी खूण राधानगरीची. भोगावतीवरील हें धरण शाहू महाराजांच्या कारकीर्दींत आरंभिलेलें व स्वातंत्र्योत्तर काळांत पुरें झालेलें. त्यास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरून पाणी ठराविक उंचीस पोंचलें कीं मनुष्याचा हात न लागतां ते आपोआप उघडतात, आणि पातळी उतरली कीं मिटतात. एका दरवाजांतून सेकंदास १४२८ घनफूट, म्हणजे सातांतून सुमारें दहा हजार घनफूट पाणी सुटतें. दरवाजा कोणाच्या हुकुमाची वाट पाहत नसल्यामुळें 'राधानगरीचा अमुक दरवाजा उघडला' ही वार्ता म्हणजे तलाव तुडुंब भरल्याची धरणानें स्वतः दिलेली साक्ष होय. त्यापुढें पडणारा पाऊस सांठत नाहीं, वाहतो, हें समजून घ्यावें.

सरकारी यंत्रणेचा इतिहास थोडक्यांत असा. १८६४ च्या ऑक्टोबरांत कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळ झालें, आणि पुढील वर्षीं त्या बंदरांत वादळाची खूण चढविण्याची पद्धत सुरू झाली. १८७५ मध्यें हिंदुस्थानचें हवामानखातें स्थापन झालें. नद्यांच्या पुराचें भाकीत करण्याचें काम केंद्रीय जल आयोगानें १९५८ मध्यें दिल्लीस यमुनेवर आरंभिलें. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यानें जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे आली. हवामानखात्याच्या सूचना हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल ह्या रंगांनीं ओळखल्या जातात. तांबडा रंग पाहून पुष्कळांची छाती दडपते; परंतु तो रंग जिल्ह्यांत पडणाऱ्या पावसाविषयीं बोलतो, आपल्या उंबऱ्याविषयीं नव्हे. घाटमाथ्यास लाल सूचना मिळाली असेल तर काठच्या संग्राहकानें ती स्वतःकरितांच दिली आहे असें मानावें, आणि आपल्या गांवीं तिचा प्रत्यय न आला म्हणून ती खोटी ठरवूं नये.

पूर केवळ वरून येत नाहीं, खालूनहि अडतो. वाडीच्या संगमावर कृष्णा फुगलेली असली तर पंचगंगेस पुढें वाट मिळत नाहीं व पाणी मागें तुंबतें. कृष्णेची अवस्था कोयनेच्या विसर्गावर अवलंबून. खालच्या अंगास कर्नाटकांतील अलमट्टीच्या जलाशयाचा परिणाम किती, ह्याविषयीं दोन राज्यांत दीर्घकाळ वाद चालला आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनें २०२० मध्यें अहवाल दिला, तरी तो वाद शमला असें म्हणतां येत नाहीं. त्याचा निर्णय करणें आमच्या अधिकाराबाहेरचें आहे. संग्राहकास इतकें पुरे कीं कोल्हापुरास पाऊस थांबला तरी शिरोळास पाणी उतरेलच असें नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलें, पुणें-बंगलोर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला, आणि मदत जिकडून यावयाची तो मार्गच पाण्याखालीं गेला.

यंत्रांच्या पूर्वींहि मापें होतींच. नरसोबाच्या वाडीस पाणी मंदिरांत उत्तरेकडून शिरून पादुकांवरून दक्षिणद्वारानें बाहेर पडतें, तेव्हां 'दक्षिणद्वार सोहळा' होतो व भाविक स्नानास लोटतात. पाणी आणखी चढलें म्हणजे उत्सवमूर्ति उंचावरील नारायणस्वामींच्या मंदिरांत नेतात. भाविकांस हा सोहळा आहे. परंतु पाहणाऱ्यास तें एक जुनें आणि भरंवशाचें जलमापक आहे. देव हलविण्याचा क्रम जेथें ठरलेला आहे, तेथें दप्तर हलविण्याचा क्रमहि त्यालाच जोडून ठरविणें सोपें जाईल. कोल्हापुरांतील ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्यें डॉ. सांकळिया व दीक्षित ह्यांनीं उत्खनन केलें. तेथील सातवाहनकालीन वस्ती उंचवट्यावर होती, ह्यांत नदीचा धाक कारण असावा असा आमचा तर्क आहे. आजचें शहर त्या उंचवट्यावरून खालीं उतरून पात्राशीं लगट करून बसलें आहे. सुतारवाड्यांतील कुटुंबांस जवळजवळ प्रत्येक मोठ्या पुरांत बिऱ्हाड हलवावें लागतें.

सूचना मिळूनहि माणसें निघत नाहींत, हा ह्या विषयांतला सर्वांत कठीण भाग. 'मागल्या वेळीं पाणी पायरीपर्यंतच आलें होतें' हें वाक्य आम्हीं अनेक वाड्यांतून ऐकलें आहे. २००५ ची खूण मनांत धरून बसलेल्यांना २०१९ नें फसविलें. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं सांगली जिल्ह्यांत ब्रह्मनाळ येथें पुरांतून लोकांस बाहेर काढणारी नाव उलटून माणसें बुडालीं. पाणी चढल्यावर निघणें किती जोखमीचें असतें हें त्या प्रसंगानें दिसलें. म्हणून एक काम संशोधकांनींच अंगावर घ्यावें असें आम्ही सुचवितों. आपापल्या गांवच्या भिंतींवर, घाटांवर, देवळांच्या खांबांवर पुराच्या ज्या रेषा उमटल्या आहेत, त्यांची उंची व वर्ष टिपून ठेवावें, आणि त्या दिवशीं राजाराम बंधाऱ्यावर किती फूट पाणी होतें तें समोर लिहावें. एवढें झालें म्हणजे 'धोक्याची पातळी' हा मोघम शब्द 'आमच्या माजघराची पातळी' असा निश्चित होतो. जुन्या जमाखर्चांत घाटाच्या दुरुस्तीच्या किंवा बुडित पिकाच्या सुटीच्या नोंदी आढळतील त्याहि ह्याच यादींत घालाव्या. यंत्रांच्या नोंदी जेथें संपतात, तेथून मागें जाण्यास दुसरें साधन नाहीं.

आतां प्रत्यक्ष दप्तरांविषयीं. ज्यांचे वाडे काठावर आहेत त्यांनीं ज्येष्ठांतच रुमाल खालच्या फडताळांतून काढून माडीवर न्यावे, आणि यादीची एक प्रत व शक्य तर कागदांचीं छायाचित्रें दुसऱ्या गांवीं ठेवावीं. पाणी ३९ फुटांवर आलें कीं निवडक कागद गांवाबाहेर काढावे. ४३ ची वाट पाहूं नये, कारण तेव्हां गाडी मिळत नाहीं. कोणता रुमाल आधीं न्यावयाचा ह्याचा निर्णय उन्हाळ्यांत करून त्यास खूण बांधून ठेवावी. अस्सल सनदा व महजर आधीं, ज्यांच्या नकला अन्यत्र आहेत ते मागून.

इतकें करूनहि रुमाल भिजलाच, तर तो घाईनें उलगडूं नये. तांबड्या खारव्याचा रंग कागदांत उतरतो, यास्तव कापड तेवढें हलक्या हातानें काढावें. काजळाची शाई पाण्यांत सहसा विरघळून जात नाहीं, पण तिला धरून ठेवणारा डिंक मऊ होतो, आणि बोट लागलें कीं अक्षर पुसतें. उन्हांत वाळविल्यास कागद आखडतो व चिकटलेलीं पानें फाटतात. सावलींत, वाऱ्यावर, मध्यें कोरा टीपकागद घालून व तो वारंवार बदलून वाळवावें. दोन दिवसांत बुरशी धरूं लागते. तेवढ्या अवधींत सर्व वाळणें अशक्य दिसल्यास रुमाल जसाच्या तसा मेणकापडांत गुंडाळून बर्फाच्या कोठारांत गोठवून ठेवावा, आणि पाणी ओसरल्यावर जाणत्याच्या देखरेखीखालीं थोडथोडा सोडवावा.