सायकलवरचा संसार

येलदरीहून जिंतूरच्या बाजाराला सायकलने जाऊन येणे, यात आपल्याकडच्या जुन्या माणसांना नवल वाटत नाही. मागे कॅरिअरला धान्याची गोणी, पुढे दांड्यावर लेकरू, आणि दिवेलागणीला माणूस घरी. पण समजा, घरी परतायचेच नाही. आज या गावी मुक्काम, उद्या त्या गावी, असे सहा महिने, वर्षभर. तुमच्या घरातल्या मुलाने किंवा मुलीने असे मनात घेतले, तर पोटात गोळा येणारच. म्हणून रस्त्यावरचे जिणे अंगवळणी कसे पडते, हे समजून घेतलेले बरे.

सहा गेले, तीन फिरून आले

मुंबईचे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सायकलवर जग फिरायला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तुम भुमगरा, केकी पोचखानवाला, गुस्ताद हाथीराम आणि नरिमन कापडिया ही त्यांची नावे. इराण, इराकचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असे सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले ते हकीम, बापासोला आणि भुमगरा. कापडियांनी तेहरानमध्ये साथ सोडली, हाथीराम अमेरिकेतच राहिले, पोचखानवालाही वाटेतून माघारी आले. कारणे ज्याची त्याची. पण सहाही जण व्यायामशाळेत वजने उचलून तयार झालेले होते, हे लक्षात घ्या. नुसत्या ताकदीवर हे काम निभत नाही.

अलीकडचे उदाहरण पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचे. २०१८ साली विशीतल्या या मुलीने १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवली. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटले, तरी ती थांबली नाही.

पहिले पंधरा दिवस

खरी परीक्षा पहिल्या पंधरा दिवसांत असते. बैठक दुखते, मांड्या सोलवटतात, तळहाताला मुंग्या येतात. नव्या गड्याच्या हाताला खुरप्याने फोड येतात आणि मग घट्टे पडतात, तसेच हे आहे. मात्र सीटची उंची बरोबर हवी. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा. म्हणजे चवड्याने चालवताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. सीट खाली राहिली तर गुडघे धरतात. ओझे पाठीवर घेऊ नये; मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखे आणि खालच्या अंगाला बांधावे.

ताकद कशी खर्चावी, हे आपल्या येलदरीच्या धरणाकडून शिकावे. पूर्णेचे पाणी धरणात साठते, वीजघरातून खाली सिद्धेश्वरात जाते आणि तिथून कालव्याला आवर्तनाने सुटते. सगळे एकदम सोडले तर पुढच्या पाळीला काय उरेल? सायकलस्वारानेही पहिल्याच दिवशी शंभर किलोमीटरची हाव धरू नये. तीस-चाळीसपासून सुरुवात करावी. उजाडताच निघावे, भर दुपारी सावलीला थांबावे आणि आठवड्यातून एक दिवस चाकाला हात लावू नये. उन्हात तहान लागण्याआधीच पाणी प्यावे. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट घ्यावे. शिदोरीला दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी उत्तम.

मनाची घडी

अंग रुळते, मग मन कुरकुरते. कालची ओळख आज मागे पडते. संध्याकाळी गावातल्या चुली पेटलेल्या दिसतात, आणि त्यांतली आपली एकही नसते. सणाच्या दिवशी तर गळा दाटतो. यावर उपाय एकच, रोजचा नेम. शेगावहून पंढरपूरला परभणीमार्गे जाणारी गजानन महाराजांची पालखी आठवा. मुक्काम, जेवण, भजन, सगळे ठरलेले असते. म्हणून इतके दिवसांची वाट वारकऱ्याला घरासारखी वाटते. सायकलवाल्यानेही अंधार पडण्याआधी देवळात किंवा शाळेत विचारून मुक्काम धरावा. कपडे धुवावेत, चेन पुसून तेल द्यावे, पंक्चर काढून ठेवावे, दिवसाचा खर्च लिहावा आणि घरी फोन करावा. जागा रोज बदलली तरी चालेल, पण हा क्रम बदलू नये. त्याच क्रमाचे पुढे घर होते.

घरच्यांनी काय करावे

बोलायची वेळ ठरवून घ्या, पण दर वेळी “कधी येणार?” असे विचारू नका. परतीच्या तिकिटापुरते पैसे वेगळे ठेवायला लावा. आणि निघतानाच सांगा, “नाही जमले तर ये, कोणी हसणार नाही.” माघारी येण्याची लाज वाटत असली, की माणूस आजारपण अंगावर काढतो. तो फिरून आला की चार दिवस त्याला कामाला जुंपू नका. रस्त्याची सवय लागलेल्याला घराचीही नव्याने सवय व्हावी लागते.

आधी येलदरीहून औंढा नागनाथला जावे, रात्री मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी परतावे. ते जमले तर पंढरपूर. तिथून सुखरूप, हसतमुखाने परत आलेल्या पोराला पुढच्या वाटेला अडवू नये.