लाकूड बदललं, उतार तोच : कोनी आयलंडचा 'सायक्लोन'

लाकडी रोलर कोस्टर म्हटलं की डोळ्यांपुढे लाकडी खांबांचं जंगल उभं राहतं. पण न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरच्या ज्या 'सायक्लोन'बद्दल मी आज बोलणार आहे, त्याचे खांब पोलादी आहेत. मग त्याला लाकडी का म्हणायचं? कारण ही वर्गवारी खांबांवरून नाही, रुळावरून ठरते. एकावर एक फळ्या ठोकून जाड थर करायचा आणि चाक टेकतं तिथे वर पोलादाची पट्टी बसवायची, असा हा रूळ. वजन आलं की लाकूड किंचित दबतं, म्हणून डबा खडखडतो, हादरतो. लोक पैसे मोजतात ते या खडखडाटाचेच!

आता जरा मागे जाऊ. 1884 साली याच जागेवर लामार्कस थॉम्पसन यांनी 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. आपण पळत गेलो तरी तिच्या पुढे जाऊ! मग चाळीसएक वर्षांत असं काय घडलं?

बऱ्याच गोष्टी घडल्या, पण मला महत्त्वाची वाटते ती जॉन मिलर यांची रुळाखालची चाकं. बघा, डबा वेगाने टेकडीचा माथा ओलांडतो तेव्हा त्याला सरळ पुढे जायचं असतं, आणि रूळ मात्र खाली वळतो. म्हणजे डबा उचलला जाणार. मिलर यांनी रुळाच्या खालच्या बाजूनेही चाकं लावली, त्यामुळे डबा रुळाला धरून राहतो. उतार तीव्र करायची मुभा मिळाली ती इथे.

'थंडरबोल्ट' 1925 साली आला, 'टॉर्नेडो' 1926 साली. या चढाओढीत रोझेन्थाल बंधूंनी व्हर्नन कीनन यांच्याकडून आराखडा करून घेतला आणि 26 जून 1927 रोजी 'सायक्लोन' सुरू झाला. तिकीट पंचवीस सेंट. पहिला उतार सुमारे 26 मीटरचा, जवळजवळ साठ अंशांचा. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. साखळीने डबा एकदा वर नेला की पुढे इंजिन नाही, काही नाही. सगळी पुंजी त्या पहिल्या उंचीची. घर्षणात ती खर्च होत जाते, म्हणून पुढची कुठलीच टेकडी पहिलीइतकी उंच ठेवता येत नाही.

पुढे कोनी आयलंडचे दिवस फिरले. 1969 मध्ये जागा शहराने घेतली. शेजारच्या मत्स्यालयाला विस्तारासाठी ती हवी होती, म्हणजे 'सायक्लोन' पाडायचा. लोकांनी विरोध केला. अखेर 1975 मध्ये शेजारच्या 'अ‍ॅस्ट्रोलँड' उद्यानाच्या चालकांनी तो भाड्याने घेतला, दुरुस्त केला आणि त्याच जुलैत पुन्हा सुरू केला. 1988 मध्ये त्याला शहराच्या वारसा वास्तूचा दर्जाही मिळाला.

आता खरी गंमत. समुद्राच्या खाऱ्या हवेत लाकूड किती टिकणार? फळ्या सतत बदलाव्या लागतात, मग वारसा म्हणून जपलं ते नेमकं काय? माझ्या मते कीनन यांनी आखलेली वळणं आणि उतार. फळी बदलणाऱ्या सुताराला तेवढंच सांभाळायचं असतं. नवं लाकूड, पण वळण इंचभरही हलता कामा नये. उन्हाळा संपला, गर्दी ओसरली, की हे काम सुरू होतं.