रोग एका जागी, खूण दुसरीकडे

जेथे गाठ, तेथेच दुखणे, अशी सर्वसामान्य समजूत असते. कर्करोगाच्या बाबतीत ती नेहमीच खरी ठरत नाही. फुप्फुसातील एखादी गाठ खोकल्याची चाहूलही न देता रक्तातील सोडियमचे प्रमाण उतरविते आणि रुग्ण भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. दुसऱ्या कोणाच्या रक्तात कॅल्शियम वाढते आणि त्याला ग्लानी येते. गाठ मेंदूपर्यंत पसरलेली नसतानाही हे घडू शकते. गाठीतील पेशी हार्मोनसारखी द्रव्ये रक्तात सोडतात, किंवा शरीराच्या प्रतिकारशक्तीला चिथावतात; त्याचा फटका बसतो तो दूरच्या इंद्रियाला.

वैद्यकाला याची जाणीव फार पूर्वीच झाली होती. रक्तवाहिन्यांत वारंवार गुठळ्या होणे ही छुप्या कर्करोगाची खूण असू शकते, असे पॅरिसचे नामवंत वैद्य आर्मां त्रुसो यांनी १८६५ साली सांगितले. दोनच वर्षांनी ती खूण त्यांना स्वतःच्याच देहावर आढळली. आपला अंत जवळ आला, हे त्यांनी ओळखले आणि १८६७ मध्येच ते कर्करोगाने निवर्तले.

त्रुसो यांच्या काळी निदानापुढे उपाय नव्हता. आज तो पुष्कळदा असतो. २००७ साली जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा स्त्रियांच्या आजाराची हकीकत प्रसिद्ध केली. मनोविकारासारखी लक्षणे, स्मृतिभ्रंश, झटके आणि शुद्ध हरपणे असा हा आजार होता. अकरा जणींच्या बीजांडकोशात आणि एकीच्या छातीत गाठ आढळली. अशा गाठीत मज्जासंस्थेच्या ऊती असू शकतात. त्यांच्याविरुद्ध शरीराने उभारलेली प्रतिपिंडे मेंदूवरच उलटतात. हा आजार गाठीवाचूनही होतो, हे पुढे दिसून आले. परंतु गाठ असल्यास ती काढून प्रतिकारशक्ती आवरणारे उपचार वेळीच केले, तर बहुतेक रुग्ण सुधारतात.

येथेच समाजाच्या विवेकाची कसोटी लागते. चांगली शिकतीसवरती तरुणी अचानक असंबद्ध बोलू लागली, की घरात बाहेरच्या बाधेची कुजबुज सुरू होते, अंगारेधुपारे होतात, नाहीतर 'वेडी' असा शिक्का बसतो. दरम्यान, उपचाराचे मोलाचे दिवस हातचे जातात. प्रत्येक भ्रमामागे कर्करोग शोधणे हा अतिरेकच होईल, कारण असे रुग्ण विरळा असतात. परंतु अचानक पालटलेल्या माणसाला बोल लावण्यापूर्वी त्याचे शरीर तपासून घेणे, हे घरच्यांचे आणि वैद्याचे पहिले कर्तव्य होय.