चित्रकथांचे डिजिटल दप्तर : रुमाल आणि त्यावरील चिठ्ठी

मराठी वाचकांच्या दोन पिढ्या चित्रकथा वाचीत वाढल्या. १९६४ साली मुंबईतून सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने मराठीसह अनेक भारतीय भाषांतून वेताळाला घरोघरी नेले. १९६७ साली अनंत पै यांच्या संपादनाखाली 'अमर चित्र कथा' निघू लागली. 'इंद्रजाल' १९९० साली बंद पडले. जुन्या चित्रकथांचा स्वस्त कागद काळाबरोबर पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि घडीवर तुटतो. म्हणूनच अनेक ग्रंथालये व शाळा आपल्या संग्रहातील अशा अंकांची पाने स्कॅन करून संगणकावर जतन करण्याचा विचार करतात. हे काम हाती घेण्यापूर्वी एका तांत्रिक प्रश्नाचा निर्णय करणे आवश्यक ठरते. तो प्रश्न म्हणजे, पाने कोणत्या स्वरूपात बांधावयाची?

पाने बांधण्याची गरज

बत्तीस पानांचा अंक स्कॅन केला की संगणकावर बत्तीस सुटी चित्रे तयार होतात. कचेरीतील सुटे कागद जसे रुमालात बांधून ठेवीत, तशी ही चित्रे एका फाइलीत बांधावी लागतात. चित्रकथांसाठी यासाठी रूढ झालेल्या प्रकारांची नावे 'सीबी' या अक्षरांनी सुरू होतात. ही 'कॉमिक बुक' या शब्दांची आद्याक्षरे होत. तिसरे अक्षर आतील बांधणी सांगते. सीबीझेड म्हणजे झिप, सीबीआर म्हणजे रार, सीबी७ म्हणजे सेव्हन-झिप, सीबीटी म्हणजे टार आणि सीबीए म्हणजे एस. यात नवे तंत्र काहीच नाही. नेहमीच्या झिप फाइलीच्या नावाचा शेवट बदलून सीबीझेड केला की वाचन-प्रणाली ती पुस्तकासारखी पानापानाने उघडते.

या बांधणीमुळे जागेची फारशी बचत होत नाही, कारण जेपीईजी चित्रे मुळातच आकुंचित केलेली असतात. बांधणीचा खरा हेतू पाने एकत्र व क्रमाने राहावीत हा आहे.

कोणती बांधणी निवडावी?

झिप ही पद्धत अमेरिकेतील फिल कॅट्झ यांनी १९८९ साली तयार केली आणि तिची रचना सर्वांसाठी जाहीर केली. त्यामुळे आज जवळजवळ प्रत्येक संगणकावर ती विनामूल्य उघडते. तिच्यात प्रत्येक पान स्वतंत्रपणे बांधलेले असते, फाइलीच्या शेवटी सर्व पानांची सूची असते आणि प्रत्येक पानासोबत एक पडताळणी-अंक ठेवलेला असतो. त्यामुळे हवे ते पान तत्काळ काढता येते आणि एखादे पान बिघडल्यास ते ध्यानात येते. टारमध्ये अशी सूची नसते. रार व सेव्हन-झिप यांत सर्व पाने सलग आवळण्याची सोय आहे. परंतु तशी बांधणी केल्यास एका ठिकाणच्या बिघाडाचा परिणाम पुढील पानांवरही होऊ शकतो. शिवाय रार फाइली उघडण्याची आज्ञावली उपलब्ध असली, तरी त्या तयार करण्याचा हक्क मालकाने आपल्याकडे राखून ठेवला आहे.

बंदिस्त पद्धतीवर विसंबण्याचा धोका एसच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. 'विनरार' या प्रसिद्ध प्रणालीत एस फाइली उघडणारा एक जुना भाग वापरलेला होता. २०१९ साली त्यात सुरक्षेची गंभीर उणीव आढळली. त्या भागाची मूळ आज्ञावली निर्मात्यांकडे नसल्याने दुरुस्ती शक्य झाली नाही आणि एस फाइली उघडण्याची सोयच काढून टाकावी लागली. ज्यांचा संग्रह त्या स्वरूपात होता, त्यांच्यापुढे दुसरी प्रणाली शोधण्याचा प्रश्न उभा राहिला. दीर्घकाळ टिकवावयाच्या संग्रहासाठी सीबीझेड निवडणे श्रेयस्कर, ते याच कारणाने.

रुमालावरील चिठ्ठी

रुमाल न सोडता आत काय आहे हे कळावे म्हणून वर चिठ्ठी लावीत. इंटरनेटवरून फाइल पाठविताना सर्व्हर तिच्यासोबत अशीच एक चिठ्ठी पाठवितो. तिला कन्टेन्ट टाइप म्हणतात. ही पद्धत १९९२ साली ई-मेलसाठी ठरविण्यात आली व पुढे वेबनेही स्वीकारली. या चिठ्ठ्यांची अधिकृत नोंदवही इंटरनेट असाइन्ड नंबर्स ऑथॉरिटी ही संस्था ठेवते. तीत सीबीझेडसाठी 'ॲप्लिकेशन/व्हीएनडी.कॉमिकबुक+झिप' आणि सीबीआरसाठी 'ॲप्लिकेशन/व्हीएनडी.कॉमिकबुक-रार' अशी नोंद आहे. त्यापूर्वी 'एक्स-सीबीझेड', 'एक्स-सीबीआर' अशी अनधिकृत नावे चालत व आजही ती आढळतात.

चिठ्ठी चुकली तर काय होते? सर्व्हरने 'साधी झिप' अशी चिठ्ठी लावली, तर वाचकाच्या यंत्रावर पुस्तक उघडण्याऐवजी चित्रांचा ढीग मोकळा होण्याचा संभव असतो. 'अज्ञात' अशी चिठ्ठी लावली, तर कोणत्या प्रणालीने फाइल उघडावी हे यंत्राला समजत नाही. म्हणून ग्रंथालयाचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाकडून ही नोंद सर्व्हरवर करून घ्यावी.

नाव व आतील वस्तू यांचाही मेळ असावा. नावापुढे सीबीआर आणि आत झिप, असे प्रकार वारंवार आढळतात. चांगल्या वाचन-प्रणाली नावावर न विसंबता फाइलीची पहिली अक्षरे तपासतात. झिप फाइल 'पीके' या अक्षरांनी सुरू होते, आणि ती फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे आहेत.

मराठी संग्रहासाठी दक्षता

पानांना १, २, १० अशी नावे दिल्यास काही प्रणाली १ नंतर १० व मग २ असा क्रम लावतात. म्हणून ००१, ००२, ०१० अशी सारख्या लांबीची नावे इंग्रजी अंकांत द्यावीत. झिपच्या मूळ रचनेत देवनागरीची सोय नव्हती. ती २००६ साली झाली. त्यामुळे पानांची देवनागरी नावे जुन्या प्रणालींत विद्रूप होतात. मराठी शीर्षक, लेखक, चित्रकार, अंक-क्रमांक व भाषा यांची नोंद 'कॉमिकइन्फो.एक्सएमएल' या छोट्या फाइलीत करून ती त्याच रुमालात ठेवावी. ही फाइल अनेक प्रणाली वाचू शकतात.

कायद्याचे भानही राखले पाहिजे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, विना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असल्यास जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. मात्र हक्क शाबूत असलेली चित्रकथा इंटरनेटवर सर्वांना वाटण्याची मुभा यातून मिळत नाही.

स्कॅन करण्यास श्रम लागतात आणि जीर्ण अंक त्यासाठी पुन्हा पुन्हा उघडता येत नाही. एकदा केलेले हे काम वाया जाऊ नये यासाठी खुली बांधणी, अचूक चिठ्ठी, क्रमवार पाने आणि वेगळ्या ठिकाणी ठेवलेली दुसरी प्रत, एवढी शिस्त ग्रंथपालांनी व शिक्षकांनी पाळली, तर आजोबांनी वाचलेला अंक नातवालाही वाचता येईल.