लॅपटॉप म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय होतं?

भारतात जायचं तिकीट काढलं की घरून यादी येते, आणि अलीकडे त्या यादीत एक वाक्य हमखास असतं: "येताना एक लॅपटॉप आण, इथला फार स्लो झालाय." तुम्ही परदेशात राहत असाल तर हे तुम्हीही ऐकलं असणार. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप करमुक्त नेता येतो, दुकानात कसली ना कसली सवलत चालूच असते, त्यामुळे आपणही फारसा विचार न करता एक खोकं उचलतो. ते उचलण्याआधी घरच्यांना एक प्रश्न विचारून बघा: जुन्या लॅपटॉपमधलं नेमकं काय म्हातारं झालंय?

प्रोसेसर नक्कीच नाही. आपल्याला वाटतं तसा प्रोसेसर वर्षागणिक थकत नाही. विद्युतप्रवाहाच्या रेट्यानं चिपमधल्या सूक्ष्म तारांतले धातूचे अणू हळूहळू सरकतात हे खरं, पण घरगुती वापरात त्याचा त्रास जाणवायच्या आत लॅपटॉपचे बाकी सगळे अवयव मोडीत निघालेले असतात. २०१६ साली जी गणितं तो जितक्या वेळात करत होता, तितक्याच वेळात आजही करतो.

मग मंदावतं काय? पहिला संशयित हार्ड डिस्क. २०१८-१९ पर्यंत भारतात विकल्या गेलेल्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या असंख्य लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीची डिस्क असे. ही तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते, ती साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी ते टोक योग्य पट्ट्यावर सरकायला साधारण दहा मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली माहिती वाचायची असेल तर सेकंदाला जेमतेम ६०-७० तुकडे हाती लागतात. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे वाचते. पुढचं गणित तुम्हीच करा.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिथं एक तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात मिळतो. आणि रॅममधून वाचायला लागतात सुमारे १०० नॅनोसेकंद. हे आकडे नुसते ऐकून काही वाटत नाही, म्हणून ते आपल्या स्वयंपाकघरात आणू. समजा रॅम म्हणजे ओट्यावरचं मीठ, आणि ते घ्यायला एक मिनिट लागतं. त्याच हिशेबानं एसएसडीतून मीठ आणायला साडेसोळा तास लागतील. आणि तबकडीच्या डिस्कवरून? १०४ दिवस. दिवाळीत मागितलेलं मीठ महाशिवरात्रीच्या आसपास मिळणार, तेही उपवासाच्या तोंडावर!

आता दुसरा संशयित, रॅम. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब, त्यात एक यूट्यूब आणि एक व्हॉट्सॲप वेब, एवढं उघडलं की ओटा भरतो. मग विंडोज ओट्यावरचे डबे उचलून डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागले की परत आणते. डिस्क तबकडीची असेल तर प्रत्येक डब्यामागे तीच १०४ दिवसांची वारी. "माउस हलतोय पण काही उघडत नाही" ही घरून येणारी तक्रार बहुतेक वेळा हीच असते. दहा वर्षांपूर्वीही रॅम चारच जीबी होती, पण तेव्हाची संकेतस्थळं हलकी होती. म्हणजे यंत्र तितकंच राहिलं, ओझं वाढलं.

उपाय स्वस्त आहे. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी अडीच इंची साटा एसएसडी कुठल्याही शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडे मिळते, आणि तो ती तासाभरात बसवून देतो. माझं स्पष्ट मत असं, की तबकडीवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकण्याइतका पैसा वसूल करणारा दुसरा खर्च संगणकाच्या दुनियेत नाही. रॅमची जागा मोकळी असेल तर आठ जीबी करून घ्या, मात्र २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कडाडले आहेत (एआयच्या डेटा सेंटरांनी चिपांचे कारखानेच अडवून ठेवलेत), तेव्हा आधी डिस्क आणि मग रॅम हा क्रम बरा.

एसएसडी "लवकर खराब होते" ही भीती मला अनेकांनी बोलून दाखवली आहे. तिच्यात तथ्य आहे, पण भलत्या जागी. फ्लॅश मेमरीत माहिती साठते ती इलेक्ट्रॉनांच्या रूपात. विद्युतरोधक थरांनी वेढलेल्या कप्प्यात इलेक्ट्रॉन ढकलायचे, ते किती आहेत यावरून बिट ओळखायचे. तोशिबातल्या फुजिओ मासुओकांनी १९८० च्या दशकात ही कल्पना प्रत्यक्षात आणली. प्रत्येक लेखनात तो रोधक थर थोडा झिजतो, म्हणून लेखनाला मर्यादा असते. पण १ टीबीच्या अनेक एसएसडींवर ही मर्यादा ६०० टीबी लिहिलेली असते. रोज ३० जीबी लिहिलेत तरी ती गाठायला ५० वर्षांहून अधिक काळ लागेल. खरा धोका वेगळा आहे: हे इलेक्ट्रॉन वीज नसताना हळूहळू पाझरतात. उद्योगाचं मानक घरगुती एसएसडीकडून अपेक्षा करतं ती एवढीच, की पुरेपूर वापरून झालेल्या अवस्थेत ती ३० अंश सेल्सिअसला वर्षभर माहिती टिकवेल. नवी एसएसडी यापेक्षा पुष्कळ जास्त टिकवते, पण उष्णता वाढली की गळती वाढते. तेव्हा आजी-आजोबांचे फोटो एसएसडीत भरून ती नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात वर्षानुवर्षं विसरू नका. उलट, लॅपटॉपमधून काढलेली ती मंद तबकडी एका यूएसबी डबीत घालून फोटोंची दुसरी प्रत म्हणून ठेवली, तर म्हातारपणी तिला शोभेल असं काम मिळेल.

तिसरा संशयित धूळ. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, नाहीतर जळेल. पंख्याच्या जाळीत धुळीचा नमदा बसलेला, प्रोसेसर आणि तांब्याच्या नळीमधली थर्मल पेस्ट वाळून कोरडी झालेली, त्यात लॅपटॉप गादीवर ठेवून खालचे झरोके बंद, अशा स्थितीत नवाकोरा प्रोसेसरही रखडेल. साफसफाई आणि नवी पेस्ट यांना किरकोळ खर्च येतो.

बॅटरी मात्र खरोखर म्हातारी होते, अगदी रासायनिक अर्थानं. लिथियम-आयन बॅटरीच्या ऋण ध्रुवावर एक पातळ थर जमतो. तो लागतोही, कारण तो नसेल तर द्रावण सतत विघटित होत राहील. पण तो जाड होत जातो तसतसं वापरातलं लिथियम त्यात अडकून बसतं. उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी ही जोडी या सगळ्याला वेग देते. आपल्याकडे लॅपटॉप कायम चार्जरला लावलेला असतो, म्हणजे ही दोन्ही कारणं दिवसरात्र हजर. अनेक कंपन्या आता चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय देतात. टेबलावरून न हलणाऱ्या लॅपटॉपसाठी ती लगेच चालू करा. आणि घरच्यांना एवढं नक्की विचारा: टचपॅड वर उचलला गेलाय का? तळ फुगलाय का? तसं असेल तर बॅटरीत वायू साठलाय. लॅपटॉप बंद करायचा, चार्ज करायचा नाही, दाबायचा नाही, टोचायचा तर मुळीच नाही, आणि दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा. इथून नवी बॅटरी नेणार असाल तर ती हातातल्या सामानात, चेक-इन बॅगेत नाही.

एवढं सगळं केलं तरी एक अडचण उरते आणि ती भौतिकशास्त्राची नाही. विंडोज १० ला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या. घरगुती वापरासाठी एका वर्षाची वाढीव मुदत जाहीर झाली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पैसे भरून, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्ज साठवायला परवानगी देऊन ती घेता येते. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची गुप्त चाव्या सांभाळणारी सोय लागते, आणि काही अपवाद सोडता इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर. सातव्या पिढीच्या प्रोसेसरची गणितं काही रातोरात चुकू लागली नाहीत. ती रेघ कंपनीनं आखली आहे. सुरक्षेचं कारण खोटं नाही, पण रेघ इतक्या अलीकडे ओढायची गरज होती हे मला पटलेलं नाही. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला नाही, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. त्या ढिगात चालू स्थितीतले लॅपटॉप ढकलण्याआधी कंपनीनं अजून थोडा विचार करायला हवा होता.

"पण चालतंय की अजून!" हे उत्तर घरून येईल. चालणारच. आमच्या प्रयोगशाळेत एका जुन्या उपकरणाचा संगणक अजून विंडोज एक्सपीवर चालतो, आणि बिनघोर चालतो, कारण त्याला इंटरनेटची तार कधी जोडलीच जात नाही. तुमच्या आईवडिलांच्या लॅपटॉपवर बँक आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामनं ब्रिटनमधल्या रुग्णालयांपर्यंत हाहाकार माजवला. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. दुरुस्ती येणंच बंद झालेल्या यंत्राला तर तोही पर्याय नाही.

तेव्हा आधी तपासा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये टीपीएम असतं पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. ते चालू केलं आणि प्रोसेसर यादीत असला की प्रश्न संपला. यादीत नसेल तर विंडोज ११ आडवाटेनं बसवण्याच्या युक्त्या यूट्यूबवर ढिगानं आहेत. स्वतःच्या लॅपटॉपवर खुशाल करा. साठी ओलांडलेल्या, दुसऱ्या खंडातल्या माणसाच्या लॅपटॉपवर मी करणार नाही, कारण पुढचं मोठं अपडेट अडकलं की ते सोडवायला तिथं कुणी नसतं.

त्यापेक्षा लिनक्स मिंट. पेनड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कला हात न लावता, आधी वापरून बघता येतं. ब्राउझर, व्हिडिओ कॉल, पीडीएफ, मराठी टायपिंग यांत काही अडत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक तर आतच असतो. अडतं कुठं तेही सांगतो: टॅली, मॅक्रो भरलेल्या एक्सेलच्या फायली, डिजिटल सहीचे काही डोंगल, आणि श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत वर्षानुवर्षं टाइप केलेले दस्तऐवज. काकांचा हिशेबाचा व्यवसाय असेल किंवा घरी छापखान्याची कामं होत असतील, तर लिनक्सचा आग्रह धरून घरात भांडण लावू नका.

आणि नवाच घ्यायचा ठरला तर? आय-५, आय-७ या पाट्यांवर जाऊ नका. सातव्या पिढीतल्या आय-७ ७५००यू मध्ये दोनच कोअर होते, आणि वर्षभरात आलेल्या आय-५ ८२५०यू मध्ये चार. पाटीपेक्षा पिढी महत्त्वाची. त्याहून महत्त्वाचा प्रश्न, रॅम बदलता येते की मदरबोर्डाला डाग देऊन कायमची बसवलेली आहे? पातळ लॅपटॉपांत बहुधा दुसरा प्रकार असतो. म्हणजे आज जी घ्याल तीच शेवटपर्यंत. ॲपलनंही ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची किमान रॅम ८ वरून १६ जीबीवर नेली. बदलता न येणाऱ्या यंत्रात १६ पेक्षा कमी घेऊ नका, मग त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल.

एक काम मात्र इथून निघायच्या आधीच करा. विंडोज ११ चे बहुतेक नवे लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केले की डिस्क आपोआप कुलूपबंद करतात, आणि बायोसमध्ये काही बदललं किंवा मदरबोर्ड दुरुस्त झाला की ४८ अंकी चावी मागू शकतात. ती खात्यात साठलेली असते. पण खातं तुमच्या नावानं, फोन नंबर परदेशातला, आणि तिकडे आई रात्री अकरा वाजता निळ्या पडद्यासमोर बसलेली, असं होऊ शकतं. खातं घरच्यांच्याच नावानं आणि त्यांच्याच नंबरावर उघडा, आणि ती चावी कागदावर लिहून रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवा.