थंडीतलं ऊन, जरा जपून!

थंडीत कसला आलाय सनबर्न? असं वाटत असेल, तर अंटार्क्टिकावरच्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या आपल्या स्टेशन्सची आठवण ठेवा. तिथे गॉगल ही फॅशन नाही, गरज आहे.

खरं तर ध्रुवाकडे सूर्य फार वर चढत नाही. किरण तिरपे येतात, हवेतून लांबचा प्रवास करतात आणि त्यातले अतिनील किरण बरेचसे वाटेतच गाळले जातात. पण ही गाळणी म्हणजे मुख्यतः ओझोन, आणि नेमका तोच तिथे दर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विरळ होतो. सीएफसीमधून सुटलेलं क्लोरीन गोठलेल्या ढगांवर सक्रिय होतं आणि वसंतातलं ऊन पडलं, की ओझोनचा फडशा पाडतं. ब्रिटिश संशोधकांनी १९८५मध्ये ही घट जगासमोर आणली.

त्यात बर्फाची भर! ताजं हिम ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतं. म्हणजे मारा वरून आणि खालूनही. टोपी घातली तरी हनुवटीखाली चटका बसतो. डोळ्यांचं तर विचारूच नका. काही तासांनी वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड नकोसा होतो. हाच ‘स्नो ब्लाइंडनेस’. म्हणून तर आर्क्टिकमधले इनुइट लोक बारीक फटीचे गॉगल बनवत आले.

गुड न्यूज? १९८७च्या माँट्रियल करारामुळे अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६च्या सुमारास १९८०च्या पातळीवर येईल, असा अंदाज आहे. तोवर बर्फात जाताना सनस्क्रीन हनुवटीखालीही लावा. गुलमर्गला ओझोनचं भोक नाही, पण उंची आहे आणि बर्फही!